डब्लिन ते डूलॉक : मे महिन्यातलं आयर्लंड

आयर्लंडच्या सहलीचे जे फोटो आपण पाहतो त्यात हिरवी कुरणं, मेंढ्या, समुद्रात तुटलेले कडे आणि मधूनच एखादं छप्पर नसलेलं दगडी घर असतं. फोटोत ते घर देखणं दिसतं. मात्र ते कुणाचं होतं आणि त्यातली माणसं कुठं गेली, हे विचारत फिरलं की हा देश वेगळाच दिसायला लागतो. १८४१ च्या जनगणनेत या बेटाची लोकसंख्या ८१ लाखांवर होती. आज प्रजासत्ताक आणि उत्तर आयर्लंड मिळून ती ७० लाखांच्या आसपास आहे. पावणेदोनशे वर्षं उलटून गेली तरी जुना आकडा गाठलेला नाही. तिथल्या हिरवाईला ही पार्श्वभूमी आहे, आणि आम्ही दोघं मे महिन्यात फिरलो ते बरंचसं तिचा माग काढत.

शनिवार : डब्लिन

भाची डब्लिनला नोकरी करते, त्यामुळे मुक्कामाची सोय होतीच. विमानतळावरून निघालो तर टॅक्सीवाल्यानं कुठून आलात म्हणून विचारलं. महाराष्ट्र म्हटल्यावर तो म्हणाला, "म्हणजे आमच्या लिओचे वडील तुमच्याकडचेच की!" लिओ वराडकर २०१७ साली पहिल्यांदा आयर्लंडचे पंतप्रधान झाले. त्यांचे वडील डॉक्टर, मूळचे मालवण तालुक्यातल्या वराड गावचे. हिचं माहेर त्याच तालुक्यातलं. मग काय, गाडी शहरात पोचेपर्यंत वराड कुठं आहे, तिथं काय पिकतं, पाऊस किती पडतो, याच गप्पा चालल्या. पावसाचे आकडे ऐकून आयरिश माणूस चकित होतो हे पहिल्यांदा पाहिलं.

दुपारी ट्रिनिटी कॉलेज. १५९२ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठात 'बुक ऑफ केल्स' आहे. इसवी सन ८०० च्या सुमारास ख्रिस्ती मठवासीयांनी वासराच्या कातड्यावर लिहून रंगवलेली ही चार शुभवर्तमानं. काचेखाली एकच जोडपान उघडं असतं. त्यातल्या एका अक्षराच्या पोटात नक्षीच्या इतक्या बारीक वेलांट्या होत्या, की आपली नजर कुठून शिरली आणि कुठून बाहेर पडली ते कळत नाही. वरच्या मजल्यावरच्या ६५ मीटर लांबीच्या 'लाँग रूम'मधली जुनी पुस्तकं जतनाच्या कामासाठी हलवलेली आहेत. आम्हाला फळ्या बहुतेक मोकळ्याच दिसल्या. पुस्तकांनी भरलेल्या दालनाचे फोटो पाहून जाणार असाल, तर हे आधी माहीत असू द्या.

संध्याकाळी भाची म्हणाली, "मामा, थकला नसाल तर नदीकाठी जाऊ. लांब नाही." लिफी नदीच्या कस्टम हाऊस की या धक्क्यावर रोवन गिलेस्पी या शिल्पकारानं १९९७ साली केलेले दुष्काळाचे पुतळे आहेत. ब्राँझची, माणसाच्या उंचीची, हाडं वर आलेली माणसं बंदराकडे चालली आहेत. एकाच्या खांद्यावर निपचित पडलेलं मूल आहे. एका बाईनं छातीशी गाठोडं घट्ट धरलंय. मागून एक हडकुळा कुत्रा. ते चौथऱ्यावर नाहीत, थेट फरसबंदीवरच उभे आहेत, त्यामुळे ऑफिसातून घरी निघालेली माणसं त्यांच्यामधून वाट काढत जातात. आपणही त्यांच्यातलेच एक होऊन दोन पावलं चालतो.

१८४५ मध्ये बटाट्यावर करपा पडला. गरीब कुळांचं सगळं पोट बटाट्यावर, कारण चांगली जमीन जमीनदारांच्या धान्याला आणि गुरांना. पीक काळं पडून कुजलं, पुढची काही वर्षं पुन्हा पुन्हा कुजलं, आणि त्याच काळात धान्य, लोणी आणि गुरं बंदरांतून इंग्लंडला जात राहिली. खंड थकला म्हणून घरं पाडली गेली. १८५२ पर्यंत सुमारे दहा लाख माणसं भुकेनं आणि तापानं मेली, तेवढीच देश सोडून गेली. पुतळ्यांपासून थोड्या अंतरावर 'जीनी जॉन्स्टन' या जहाजाची प्रतिकृती उभी आहे. मूळ जहाजानं अटलांटिकपार सोळा फेऱ्या केल्या आणि एकही प्रवासी दगावला नाही. त्या काळात ही गोष्ट इतकी विरळ होती की या जहाजाचं नाव अजून घेतलं जातं. बाकीच्या कितीतरी जहाजांना लोक शवपेट्या म्हणत.

रविवार : किल्मेनहम

डब्लिनमध्ये एकच गोष्ट पाहायला वेळ असेल तर किल्मेनहमचा तुरुंग पाहा. १७९६ ते १९२४ या काळात तो वापरात होता. नंतर पडीक झाला, आणि १९६० पासून सामान्य नागरिकांनी श्रमदान करून तो वाचवला. आत फक्त मार्गदर्शकाबरोबर सोडतात. आमची मार्गदर्शक पंचविशीतली मुलगी होती. आवाज कधी चढवला नाही, पण तासाभरात कुणी मोबाइलकडे पाहिलं नाही.

जुन्या भागातल्या कोठड्या अंधाऱ्या आणि दमट आहेत. दुष्काळात, १८४७ साली, भीक मागणं हा गुन्हा ठरवला गेला आणि तुरुंग माणसांनी भरून वाहू लागला. काही जण तर मुद्दाम चोरी करून आत येत, कारण आत काहीतरी खायला मिळे. हे सांगून ती पुढे चालू लागली. आम्ही मात्र त्या कोठडीच्या दारातून लवकर हललो नाही.

मग १९१६. ईस्टरच्या सोमवारी, २४ एप्रिलला, ब्रिटिश राजवटीविरुद्ध उठलेल्या बंडखोरांनी डब्लिनचं जनरल पोस्ट ऑफिस ताब्यात घेतलं आणि पॅट्रिक पिअर्सनी त्याच्या बाहेर प्रजासत्ताकाची घोषणा वाचली. आठवडाभरात बंड मोडलं. ३ ते १२ मे या दिवसांत चौदा जणांना याच तुरुंगाच्या दगड फोडण्याच्या अंगणात गोळ्या घातल्या. जोसेफ प्लंकेट आणि ग्रेस गिफर्ड यांचं लग्न इथल्या प्रार्थनागृहात त्याच्या मृत्युदंडाच्या काही तास आधी लागलं. नंतर त्यांना दहा मिनिटं भेटू दिलं, तीही पहाऱ्यात. जेम्स कॉनली इतका जखमी होता की त्याला उभं राहता येईना. त्याला दाराजवळच खुर्चीला बांधून मारलं. अंगणाच्या दोन टोकांना दोन साधे काळे क्रूस आहेत. एक तेरा जणांचा, दुसरा कॉनलीचा.

त्या अंगणात मला बेळगाव आठवलं. २८ एप्रिल १९१६, डब्लिनमध्ये बंड पेटलेलं असतानाच लोकमान्यांनी बेळगावात होमरूल लीग स्थापन केली. होमरूलची मागणी आयर्लंडमध्ये आधीची काही दशकं गाजत होती, नाव तिथूनच आलं. आपण शाळेत या दोन्ही घटना वेगवेगळ्या धड्यांत शिकतो. आठवडा तोच होता, हे मला तिथं उभं राहिल्यावर कळलं. मार्गदर्शक मुलीला सांगितलं तेव्हा तिनं वहीत 'टिळक, बेळगाव' असं लिहून घेतलं.

या तुरुंगाची मला सर्वांत भावलेली गोष्ट म्हणजे तो अवघड भागही सांगतो. स्वातंत्र्यानंतरच्या यादवी युद्धात नव्या आयरिश सरकारनंच नोव्हेंबर १९२२ मध्ये चार तरुणांना इथं गोळ्या घातल्या. आणि तीच ग्रेस गिफर्ड १९२३ साली इथं पुन्हा आली, कैदी म्हणून. कोठडीच्या भिंतीवर तिनं काढलेलं मेरी आणि बाळ येशूचं चित्र झरोक्यातून पाहता येतं.

तिकीट : किल्मेनहमची तिकिटं २८ दिवस आधी संकेतस्थळावर खुली होतात आणि लगेच संपतात. विमानाचं तिकीट काढलं की तारीख कॅलेंडरवर मांडून ठेवा. पोस्ट ऑफिस आजही चालू आहे, आत जायला पैसे लागत नाहीत. बाहेरच्या खांबांवर गोळ्यांच्या खुणा शोधा, सापडतात.

सोमवार : न्यूग्रेंज

डब्लिनच्या उत्तरेला, बॉइन नदीच्या वळणात, इसवी सनापूर्वी ३२०० च्या सुमाराचं हे थडगं आहे. गिझाच्या पिरॅमिडांपेक्षा जुनं. बाहेरून पांढऱ्या गारगोटीची भिंत आणि वर गवताची प्रचंड टेकडी. भिंत आज दिसते तशी उभी केली ती विसाव्या शतकातल्या उत्खननानंतर, आणि ती मुळात अशीच होती का यावर अभ्यासकांचा वाद आहे.

आत १९ मीटरची चिंचोळी वाट. खांदे तिरके करून, मान वाकवून जावं लागतं. शेवटी दगडावर दगड पुढे सरकवत रचलेलं उंच छत आहे. चुना नाही, आणि पाच हजार वर्षांत पाणी गळलेलं नाही. दाराच्या वर एक लहान झरोका आहे. २१ डिसेंबरच्या आसपास, वर्षातल्या सर्वांत लहान दिवसांत, सूर्योदयाचा किरण त्यातून आत येतो आणि सतरा मिनिटं गाभारा उजळतो. १९६७ साली मायकल ओकेली या पुरातत्त्वज्ञानं आत एकट्यानं थांबून ते पाहिलं. आम्हाला मार्गदर्शकानं दिवे मालवून विजेच्या दिव्यानं तो किरण दाखवला. नकली असूनही बोटभर उजेड जमिनीवरून सरकत पायांपर्यंत आला तेव्हा हिनं माझा हात धरला.

खऱ्या किरणासाठी दर वर्षी सोडत निघते, अर्ज कुणालाही करता येतो. एरवीही थेट थडग्यापाशी जाता येत नाही. अभ्यागत केंद्रावरून त्यांचीच बस नेते, म्हणून आरक्षण आधीच करा. आत छायाचित्रण नाही. पाठपिशवी बसमध्ये ठेवलेली बरी.

मंगळवार : शॅननकाठ आणि गॉलवे

गाडी भाड्यानं घेतली. तिथं आपल्यासारखंच डावीकडून चालवतात, हा मोठा दिलासा. वाटेत शॅनन नदीकाठी क्लोनमॅकनॉइज लागतं. सहाव्या शतकात संत कीरननं वसवलेला मठ, जो कधी काळी युरोपभरच्या विद्यार्थ्यांचं विद्यापीठ होता. व्हायकिंगांनी लुटला, पुन्हा उभा राहिला, शेवटी १५५२ मध्ये इंग्रज शिबंदीनं धुऊन नेला. कोरीव दगडी क्रूस आता आत सुरक्षित आहेत, बाहेर प्रतिकृती. पाऊस भुरभुरत होता, गवतात थडगी, आणि खाली नदी इतकी संथ की वाहते आहे हे कळत नव्हतं. तासभर राखून ठेवा.

गॉलवेला रात्री पबमध्ये गेलो ते गाण्यासाठी. कोपऱ्यातल्या मेजाभोवती सहा-सात जण बसले होते. फिडल, बासरी, कॉन्सर्टिना, बकऱ्याच्या कातड्याचा हातात धरायचा बोरान, आणि कोपराखालच्या भात्यानं हवा भरायचे इलन पाइप्स. व्यासपीठ नाही, माइक नाही. ते एकमेकांकडे तोंड करून वाजवतात, आपण मागून ऐकायचं. एकानं धून सुरू केली की ज्याला येते तो मिसळतो. न येणारा वाद्य मांडीवर ठेवून ऐकतो. एक शाळकरी मुलगी आली, फिडलची पेटी उघडली, कुणी काही न विचारता तिला खुर्ची सरकवून दिली.

दहा वाजून गेल्यावर एका वयस्क बाईंनी डोळे मिटून आयरिशमध्ये गायला सुरुवात केली. याला 'शान नोस' म्हणतात, म्हणजे जुनी रीत. साथीला एकही वाद्य नाही. गाणारणीनं चाल स्वतःच्या श्वासानं लांबवायची, हरकती घ्यायच्या. पहिल्या ओळीबरोबर बार शांत झाला. पेले धुणाऱ्यानं नळ बंद केला. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्यानं त्यांचा हात हातात घेतला आणि गाण्याच्या लयीत सावकाश फिरवत राहिला. हीसुद्धा रीतच आहे, गाणाऱ्याला आधार द्यायची. शब्द एकही कळला नाही आणि डोळ्यांत पाणी आलं.

पबमध्ये दारू घ्यायलाच हवी असं नाही. आम्ही चहा मागितला, तोही किटलीभर आणि आपल्या तोंडाला चालेल असा कडक, दूध घातलेला. मैफल साधारण साडेनऊनंतर रंगते. वाजवत असताना मोठ्यानं बोलू नका, आणि चित्रफीत काढायची तर आधी विचारा.

बुधवार : इनिश मोर

रॉस अ व्हील बंदरातून बोटीनं चाळीस मिनिटांत ॲरन बेटांपैकी सर्वांत मोठ्या बेटावर. इथली बोलीभाषा आयरिश. पाट्याही आयरिशमध्येच. दुष्काळानं सर्वांत जास्त नेली ती पश्चिमेची गरीब, आयरिश बोलणारी गावं, त्यामुळे माणसांबरोबर भाषाही आटली. आज ती शाळांतून शिकवली जाते, पण सायकली देणाऱ्या बाई फोनवर लेकीला सहज आयरिशमध्ये रागावत होत्या, ते ऐकून जास्त बरं वाटलं.

बेटभर दगडाचे गडगे आहेत. हिच्या माहेरी असतात तसेच, मातीचुन्याशिवाय रचलेले, फक्त इथले राखाडी आणि मधून आभाळ दिसेल इतके विरळ. वाऱ्याला त्यांच्यातून जाऊ देतात, म्हणून पडत नाहीत. बहुतेक शेतांना फाटक नाही. गाय आत न्यायची तर गडग्यातला एक ठरावीक भाग शेतकरी उतरवतो आणि ती गेली की पुन्हा रचतो. हे आम्ही थांबून पाहिलं. दगड कुठला कुठं बसतो हे त्याला न पाहता ठाऊक होतं. गडग्यांच्या आत जी माती आहे, तीही पिढ्यान्‌पिढ्या किनाऱ्यावरची वाळू आणि समुद्री शेवाळ खडकावर टाकून माणसांनी बनवलेली आहे.

डून एंगस हा प्राचीन दगडी कोट सुमारे शंभर मीटर उंच कड्याच्या काठावर आहे आणि काठाला कठडा नाही. वाऱ्याच्या दिवशी काठापासून लांब राहा, लहान मुलांचा हात सोडू नका. दुकानात तुम्हाला सांगतील की ॲरनच्या स्वेटरवरची वीण घराण्यागणिक वेगळी असे, बुडालेला कोळी त्यावरून ओळखत. ती गोष्ट नंतर रचलेली आहे. स्वेटर मात्र उबदार आहे, जरूर घ्या.

गुरुवार : बरेन आणि मोहेर

मोहेरचे कडे सर्वांना माहीत आहेत. २१४ मीटर उंची, आठ किलोमीटर लांबी, मे महिन्यात खाली पफिन पक्षी. सकाळी लवकर किंवा सहानंतर जा, कारण उजेड साडेनऊपर्यंत असतो आणि तोवर बसगाड्या गेलेल्या असतात.

मला बरेन जास्त आवडलं. मैलोन्‌मैल चुनखडीचा उघडा खडक. सतराव्या शतकातल्या क्रॉमवेल या इंग्रज सेनानीच्या एका अधिकाऱ्यानं या मुलखाबद्दल म्हटलं होतं की इथं माणूस बुडवायला पाणी नाही, फाशी द्यायला झाड नाही आणि पुरायला माती नाही. आणि त्याच खडकाच्या भेगांत वाकून पाहिलं तर नखाएवढी गडद निळी जेन्शियनची फुलं. आल्प्समध्ये वाढणारं हे झाड इथं जवळजवळ समुद्रसपाटीला फुलतं.

मे महिन्यात हॉथॉर्नची काटेरी झाडं पांढऱ्या मोहोरानं भरलेली असतात. नांगरलेल्या शेताच्या मधोमध असं एकटं झाड दिसलं तर समजावं की ते पऱ्यांचं. शेतकरी त्याला वळसा घालून नांगरतो. १९९९ मध्ये याच क्लेअर परगण्यात लटून इथं महामार्गाच्या वाटेत असं झाड आलं, लोककथांच्या एका अभ्यासकानं आवाज उठवला, आणि झाड राखून रस्ता केला गेला.

शुक्रवार : किलरी, डूलॉक, लुइसबर्ग

कॉनेमारातून उत्तरेला निघालो. किलरीच्या लांब खाडीपाशी ऊन तिरपं पडलं तेव्हा समोरच्या डोंगरउतारावर समांतर वळ्या दिसल्या. बटाट्याचे जुने वाफे. माती ओढून केलेले उंच वरंबे, मध्ये चर. शेवटचं पीक कुजलं, माणसं मेली किंवा गेली, आणि त्या उतारावर पुन्हा कुणी कुदळ लावली नाही. आता वर नुसतं गवत आणि मेंढ्या. इतक्या चढावर, जिथं उभं राहणं कठीण, तिथवर माणसं शेती करत होती. आम्ही गाडी थांबवून बराच वेळ पाहत राहिलो.

त्यापुढे डूलॉकची दरी. दोन्ही बाजूंना डोंगर, मध्ये काळं तळं, रस्त्यावर आम्ही सोडून कुणी नाही. मार्च १८४९ च्या अखेरीस लुइसबर्गच्या उपाशी लोकांना सांगण्यात आलं की मदत हवी असेल तर तपासणीसाठी अधिकाऱ्यांसमोर हजर व्हा. अधिकारी होते डेल्फी लॉजमध्ये, सुमारे १९ किलोमीटरवर. बायकामुलांसह माणसं थंडीवाऱ्यात रात्रीची चालत गेली. तिथं मदत नाकारली गेली. परतताना कितीतरी जण या वाटेवर पडले ते उठले नाहीत.

रस्त्याकडेला एक साधा दगडी क्रूस आहे. त्यावर १८४९ मध्ये इथून चाललेल्या आणि आजही जगात चालत असलेल्या भुकेल्यांचं स्मरण आहे. आणि महात्मा गांधींचं एक वाक्य कोरलेलं आहे, दुसऱ्या माणसाच्या अवमानात कुणाला स्वतःचा सन्मान कसा वाटू शकतो, अशा अर्थाचं. आयर्लंडच्या एका निर्मनुष्य दरीत, पावसानं भिजलेल्या दगडावर ते नाव वाचताना ऊर भरून आला. दर वर्षी लोक या वाटेवरून स्मरणयात्रा म्हणून चालतात.

रात्रीचा मुक्काम लुइसबर्गजवळ एका घरगुती निवासात. मालकीणबाईंनी आम्ही भिजलेलो पाहून आधी चुलाण्यात टर्फचे दोन तुकडे सरकवले. दलदलीतून कापून वाळवलेलं हे इंधन जळताना मातीचा गोडसर वास येतो. मग सोडा ब्रेड आला. पीठ, खायचा सोडा, मीठ आणि ताक, एवढाच ऐवज. यीस्ट नाही. गोल गोळा थापून वर सुरीनं खोल फुली मारतात, म्हणजे मधला भाग नीट भाजतो. गरम तुकड्यावर बोटभर जाड लोणी आणि शेजारी भाज्यांचं सूप. हिचं जेवण शाकाहारी, तिच्यासाठी देशभर हेच भरवशाचं निघालं. सूप विचारताना मात्र मांसाचा रस घातला नाही ना, याची खात्री करून घ्या.

डूलॉकला थांबलो होतो म्हटल्यावर बाई म्हणाल्या, "बरं केलंत. माझ्या आजोबांचे आजोबा त्या रात्री गेले नाहीत, पायात बळ नव्हतं म्हणून. त्यामुळे मी आहे." एवढं बोलून त्यांनी ब्रेडची दुसरी ताटली पुढे केली.

शनिवार : परतीची वाट

सकाळी मरिस्कमध्ये राष्ट्रीय दुष्काळ स्मारक पाहिलं. ब्राँझचं जहाज, ज्याच्या दोरखंडांच्या जागी सांगाडे आहेत. समोरच ७६४ मीटर उंचीचा क्रोघ पॅट्रिक. जुलैच्या शेवटच्या रविवारी हजारो लोक तो चढतात, काही जण अनवाणी. ढगांनी शिखर झाकलं होतं म्हणून आम्ही अर्ध्यावरून उतरलो आणि गाडी डब्लिनकडे वळवली.

व्हिसाबद्दल एक महत्त्वाचं. आयर्लंड शेंगेनमध्ये नाही, त्याचा व्हिसा वेगळा. उत्तर आयर्लंडला, म्हणजे बेलफास्ट आणि जायंट्स कॉजवेला जायचं तर तो भाग ब्रिटनमध्ये येतो. सीमेवर कुणी अडवत नसलं तरी व्हिसा लागतो. आयरिश व्हिसावर ब्रिटिश-आयरिश योजनेचा शेरा असेल तर त्याच व्हिसावर जाता येतं, म्हणून पासपोर्ट परत आला की तो शेरा आहे का पाहा. तिकडे पौंड चालतो, अंतराच्या पाट्या मैलांत असतात.

गाडी चालवायची नसेल तर डब्लिनहून वेस्टपोर्टला थेट रेल्वे आहे, तीन-सव्वातीन तास लागतात. डूलॉकसाठी वेस्टपोर्टहून टॅक्सी ठरवावी लागेल. महाग पडेल, पण मोहेरचे कडे एक तास कमी पाहा आणि ती ठरवाच.